काका, पिंड बोयाराने खाल्ला

काका, तुमच्या दहाव्याला कावळा आला नाही.

तळ्याकाठी आम्ही चांगली चाळीस मिनिटं उभे होतो. काकू, तुमचा अमित, त्याची बायको, नात रिया, मी, आणि फोनच्या पडद्यावर पुण्याचे गुरुजी. बारीक भुरभुर चालू होती. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या टाऊनहाऊसच्या छपरावर तिघे बसले होते, पण त्यांनी खाली ढुंकूनही पाहिलं नाही. अमित एकेक वचन देत होता. आईला सांभाळीन. रियाला मराठी शिकवीन. गॅरेजमधली बाबांची पुस्तकं टाकणार नाही. गुरुजी म्हणाले, "अजून काही राहिलंय का, आठवून बघा." त्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटची पाच-सहा वर्षं लिमये काकांच्या डोक्यात काय चाललं होतं ते संघमित्राला माहीत, असं तुमच्या घरात सगळे धरून चालतात.

मला माहीत होतंच. तुम्हाला दहावा नको होता. बारावा, तेरावा, काहीच नको होतं. हे तुम्ही जगात एकट्या मला सांगितलं होतं, आणि वर "तू सांग त्यांना" म्हणून मोकळे झाला होता. तुम्ही गेलात त्या दिवशी काकूंनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं आणि विचारलं, "तुला काही बोलले होते का गं, नंतर काय करायचं, काय नाही?" मी म्हणाले, "नाही, काकू."

तुमचा निरोप मी पोचवला नाही, काका. खोटं बोलले. तुम्ही समोर असता तर छत्री जमिनीवर आपटून विचारलं असतंत, "का? कारण सांग." तेच सांगायला बसले आहे. पण तुमच्याच पद्धतीने, आधी सगळी मागची गोष्ट.

आपली ओळखच एका घोळातून झाली. अ‍ॅशबर्नपासून वीस मिनिटांवरच्या त्या ऑर्थोडॉक्स चर्चचा तळघरातला हॉल मराठी मंडळ घ्यायचं आणि आम्ही आंबेडकरी मंडळीही घ्यायचो, कारण किचन मोठं आणि पार्किंग त्याहून मोठं. त्या वर्षी एकाच शनिवारी दोघांचंही बुकिंग झालं. तुमचा पाडवा आणि आमची जयंती. दारात एकीकडे श्रीखंडाचे डबे, दुसरीकडे आमचे निळे झेंडे, आणि मधे किल्ली घेऊन तुम्ही. दोन्हीकडचे सेक्रेटरी फोनमधली ईमेलं एकमेकांना दाखवत होते. तुम्ही कुलूप काढलंत आणि म्हणालात, "हॉल एक आणि जेवणं दोन. आधी जेवून घेऊ, मग पाहुणे कोण आणि यजमान कोण ते ठरवू." सकाळी पाडवा झाला, दुपारी जयंती. तुम्ही दोन्हींना थांबलात. मी विचारलं तर म्हणालात, "किल्ली माझ्याकडे आहे ना." दुपारच्या भाषणांना मात्र पहिल्या रांगेत बसलात, आणि किल्ली सांभाळायला पहिल्या रांगेत बसावं लागत नाही.

आवराआवर झाल्यावर जिन्यातलं ते चित्र आपण दोघांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. मोठी नदी. पाण्यात गळ्यापर्यंत उभी असलेली माणसं, कडेवर पोरं. काठावर मुकुट घातलेला राजा. आणि एका कोपऱ्यात, अगदी कडेला, पाण्यावर वाहत चाललेला लाकडी पुतळा. चांदीचं डोकं, सोनेरी मिशा. त्याच्या बाजूने काठाकाठाने काही माणसं रडत धावत होती. मी म्हणाले, बायबलमधलं काहीतरी असेल. तुम्ही थेट फादरना गाठलंत. ते युक्रेनचे, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी सांगितलं, हा कीव्हचा राजा व्लादिमीर. हजार वर्षांपूर्वी त्याने ख्रिस्ती धर्म घेतला, पेरून नावाचा आपलाच जुना देव घोड्याच्या शेपटीला बांधून नदीपर्यंत फरफटत आणला, बारा माणसांकडून काठ्यांनी बडवून घेतला आणि पाण्यात सोडला. मग गावात दवंडी. उद्या जो नदीवर येणार नाही तो माझा शत्रू.

तुम्ही त्या कोपऱ्यावर बोट ठेवलंत. "अँड दीज पीपल? हू आर क्राइंग?"

फादर हसले. म्हणाले, त्यांची नावं कोणी लिहिली नाहीत.

बस, तिथून तुम्हाला लागण झाली. जन्मभर पाण्याच्या टाक्या आणि पाइपलाइनी डिझाइन केलेला माणूस, रिटायर झाल्यावर गोल्फ खेळायचा सोडून स्लाव राजांच्या मागे लागला. लायब्ररीतली पुस्तकं संपली तेव्हा दुसऱ्या गावच्या लायब्ररीतून मागवलीत. काकू म्हणायच्या, "माझ्या माहेरच्या माणसांची नावं यांना आठवत नाहीत, आणि त्या बल्गेरियाच्या राजाचा मुलगा कोण, नातू कोण, सगळं तोंडपाठ." आणि हे सगळं ऐकायला तुम्हाला माणूस हवं होतं. ते मी झाले. दर शनिवारी साडेदहाला तळ्याभोवती तीन फेऱ्या. मी माझ्या नोकरीतली, डेटा सेंटरच्या कूलिंगची रडगाणी आणायचे, तुम्ही नवव्या शतकातली.

आठवतंय, मिएश्को तुम्ही मला कसा सांगितलात ते? "पोलंडचा राजा. बायको ख्रिश्चन, चेक राजाची मुलगी. तिने याला समजावलं, आणि याने ऐकलं. या सगळ्या राजांमध्ये हा एकटा शहाणा. बायकोचं ऐकलं." मी म्हणाले, तुम्ही ऐकता का काकूंचं? तर तुम्ही घाईघाईने बोरिसकडे वळलात.

बोरिस तुमचा लाडका. बल्गेरियाचा राजा. याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा याचे सरदार बिथरले. त्या सरदारांना बोयार म्हणतात. याने बंड मोडलं आणि बावन्न बोयारांना मुलाबाळांसकट मारलं. असला माणूस लाडका कसा, असं मी चिडून विचारलं की तुम्ही म्हणायचात, "लाडका नाही गं, ओळखीचा." कारण एवढं सगळं करून झाल्यावर बोरिस गांगरला, आणि त्याने रोमला पोपकडे शंभरावर प्रश्न पाठवले. आता आम्ही ख्रिश्चन झालो, तर बायकांनी विजारी घातलेल्या चालतील का? बुधवारी-शुक्रवारी अंघोळ केलेली चालेल का? निशाण म्हणून घोड्याची शेपटी नेऊ की दुसरं काही? तुम्ही हसून हसून बाकावर बसायचात. "धर्म बदलला आणि पहिली काळजी काय, तर विजारीची! मी इथे आलो तेव्हा माझं असंच झालं होतं. ऑफिसात डबा उघडू का, वास येईल का, बूट काढू का. फक्त मला विचारायला पोप नव्हता."

पण त्या शंभरातला एक प्रश्न तुम्ही हसत सांगितला नव्हता. बोरिसने विचारलं होतं, आमचे आईबाप जुन्याच धर्मात मेले, त्यांच्यासाठी आम्ही प्रार्थना करू का? पोपने कळवलं, नाही. हे सांगून तुम्ही एक अख्खी फेरी गप्प चाललात. तुम्ही कधी गप्प चालत नव्हता, म्हणून ते लक्षात राहिलं.

आणि बोयार. तळ्यावरच्या त्या लठ्ठ रानहंसांना, कॅनडा गीझना, हे नाव तुम्हीच दिलंत. वाट अडवायचे, मान लांब करून फुसफुसायचे, अंगावर यायचे. तुमचं आणि त्यांचं उभं वैर. ऊन असो, पाऊस असो, हातात छत्री. "हटा रे! बोरिस आलाय!" वाटेने जॉगिंग करणारे गोरे लोक थांबून बघायचे. त्यातला सगळ्यात माजलेला तो थोरला बोयार. त्याच्या एका पंखाचं पीस कायम बाहेर आलेलं असायचं. त्याने एकदा तुमच्या पायजम्याला चोच मारली आणि तुम्ही काउंटीच्या ऑफिसात फोन केलात, तेव्हा त्यांनी सांगितलं की हे पक्षी कायद्याने संरक्षित आहेत. "बघ," तुम्ही म्हणालात, "बोरिसच्या वेळेस असा कायदा नव्हता."

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही हाडांची गोष्ट सांगितलीत. व्लादिमीरचा मुलगा यारोस्लाव्ह राजा झाला, आणि त्याने आपल्या दोन मेलेल्या काकांची हाडं उकरून काढली. दोघंही जुन्या धर्मात गेलेले. त्या हाडांना बाप्तिस्मा दिला आणि चर्चमध्ये पुरली. तुम्ही त्या दिवशी तापलात. "मेलेल्या माणसाला नको म्हणता येत नाही, म्हणून त्याच्यावर काहीही करायचं? हा काय न्याय? ऐक संघमित्रा, माझ्या हाडांवर कोणी काही करायचं नाही. नो दहावा, नो तेरावा, नथिंग. अमित पॅनिक होईल आणि झूमवर कोणालातरी पकडेल. तू सांग त्यांना."

मी म्हणाले, "तुम्ही काकूंना का नाही सांगत?"

"बोरिसने पोपला शंभर प्रश्न विचारले. मला बायकोला एक विचारायचा धीर होत नाही."

मग तिसऱ्या फेरीच्या शेवटी, गाडीची किल्ली शोधता शोधता, जाता जाता म्हणाल्यासारखं म्हणालात, "वडील गेले तेव्हा माझं व्हिसाचं अडकलं होतं. गेलो असतो तर परत येता आलं नसतं. चुलतभावाने केलं सगळं. मी माझ्या बापाला पाणी दिलं नाही, मला कोणी कशाला द्यावं?" तेव्हा कळलं मला, हाडं हे निमित्त होतं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, किल्ली तुमच्या हातातच आहे, काका.

आता भांडणाकडे येते. आपण नेहमीच भांडायचो, पण हे खरं.

ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी त्याच हॉलमध्ये बोलले. जिन्यातल्या चित्राबद्दल बोलले. म्हणाले, या चित्रात राजा काठावर आहे आणि माणसं पाण्यात. आमच्याकडे तसं झालं नाही. आमच्याकडे बाबासाहेबांनी आधी स्वतः दीक्षा घेतली, आणि मग समोरच्यांना सांगितलं, ज्यांना घ्यायची आहे त्यांनी उभं राहा. माझे आजोबा भंडाऱ्याकडच्या खेड्यातून तीन चुलतभावांबरोबर नागपूरला आले होते, धुवून पांढरे केलेले कपडे घालून. ते उभे राहिले. त्यांना कोणी ढकललं नव्हतं. टाळ्या पडल्या. मागे तुम्हीही वाजवत होता, मला दिसत होतं.

पुढच्या शनिवारी, पहिल्याच फेरीत: "भाषण फर्स्ट क्लास. एक विचारू? आजोबा उभे राहिले. मग घरी आल्यावर?"

"घरी आल्यावर देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधले आणि वैनगंगेत सोडले. तुम्हाला सांगितलंय मी."

"तुझ्या पणजीला विचारलं होतं का?"

मी थांबले.

"विचारलं नसेल," तुम्ही म्हणालात. "म्हणजे उंबरठ्याच्या आत तुझे आजोबाही व्लादिमीरच की!"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तुम्हाला वाद जिंकल्याचा आनंद झाला होता, तो चेहऱ्यावर दिसत होता. आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "काका, व्लादिमीर राजा होता. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. त्यांना राजा म्हणता तुम्ही? तुमच्या गावात विहीर कोणाची होती ते सांगा ना आधी!"

तुम्ही म्हणालात, "ते वेगळं."

"हो. तुमचं ते नेहमीच वेगळं असतं," असं म्हणून मी गाडीत बसले. आरशात तुम्ही दिसत होता, छत्री टेकून उभे. बोयार तुमच्या अगदी पायापाशी आले होते आणि तुम्ही त्यांना हाकललं नाही.

पुढे सगळा हिवाळा दर शनिवारी सकाळी तुमचा एकच मेसेज यायचा. "तळं?" मी उत्तर दिलं नाही. मी तत्त्वाची माणूस आहे आणि शिवाय हट्टी, हे तुम्हीच सगळ्यांना कौतुकाने सांगायचात. ते कौतुक मी पुरेपूर वसूल केलं.

मार्चमध्ये तुम्ही दारात उभे राहिलात. हातात काकूंनी दिलेला नारळाच्या वड्यांचा डबा. आत यायच्या आधी, बूट न काढता, तुम्ही पाठ केल्यासारखं बोललात. "विहीर आमचीच होती. आमच्या परसात. तुमच्यासारखी माणसं लांब उभी राहायची, आमच्या गड्याने ओतलं तर पाणी मिळायचं. मी सात-आठ वर्षांचा होतो, रोज बघायचो. आयुष्यभर लोकांच्या घरी पाणी पोचवायचं काम केलं आणि ही विहीर कधी कोणाला सांगितली नाही. तेव्हाही कोणाला विचारलं नाही की ही माणसं लांब का उभी आहेत. हे वेगळं नाही. ते मी चुकीचं बोललो."

मी म्हणाले, "चहा घेणार?"

तुमचं अर्धं तुम्ही देऊन टाकलंत, काका. माझं अर्धं माझ्याकडे राहिलं. पणजीला विचारलं होतं का, या प्रश्नाचं उत्तर. खरं सांगायचं तर मला ते माहीतच नव्हतं. म्हणून मी नागपूरला आत्याला फोन केला. आत्या आता पंच्याऐंशीची आहे. आधी म्हणाली, "कायले पाहिजे तुले ते जुनं?" मग दोन रविवार थोडं थोडं सांगत राहिली.

पणजीला कोणी विचारलं नव्हतं. आजोबा नागपूरहून आले, देव्हारा रिकामा केला आणि गाठोडं घेऊन नदीवर गेले. पणजी चुलीपाशी बसून होती, काही बोलली नाही. पण गाठोड्यात एक देव कमी होता. पितळेची एवढीशी माता माय, अंगठ्याएवढी. ती तिने आदल्या दिवशीच धानाच्या कणगीत खोल खुपसून ठेवली होती. आजोबांना कळलं नाही का, मी विचारलं. आत्या हसली. म्हणाली, घरातलं धान आजोबाच काढायचे कणगीतून, दर आठवड्याला. हाताला लागली नसेल का ती? लागली असेल, आणि त्यांनी परत आत सारली असेल. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला, गावभर सभा घेणारा माणूस, पण घरात अकरा वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून होता. आणि पणजी गेली तेव्हा तिला न्यायच्या आधी आजोबांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. आत्या मात्र दाराआड राहिली. तिने पाहिलं. आजोबांनी कणगीत हात घालून माय काढली, पणजीच्या मुठीत ठेवली आणि मूठ मिटून वर पदर ओढला. मग बाहेर येऊन सगळ्यांबरोबर बुद्धवंदना म्हटली.

हे ऐकून मी फोन ठेवला. पहिला विचार आला, काकांना सांगायचंय. दुसरा विचार आला, आता ते म्हणणार, "बघ, मी म्हटलं नव्हतं!" आणि तरीही सांगायचंच होतं. शनिवारी सांगणार होते. तर शुक्रवारी डेटा सेंटरमध्ये कूलिंगचा एक चिलर बंद पडला आणि मी तुम्हाला मेसेज केला, "उद्या कॅन्सल करते काका, पुढच्या शनिवारी नक्की. मोठं सांगायचंय." तुमचं उत्तर आलं, "बोयारांना तसं कळवतो." गुरुवारी सकाळी चहा गाळता गाळता तुम्ही खाली बसलात आणि उठलाच नाहीत.

तुमच्यावर मला राग आहे, तो आत्ताच सांगून टाकते. एक शनिवार थांबायला काय झालं होतं?

तर स्वयंपाकघरात काकूंनी मला विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? तुमची हाडं नाही. जिन्यातल्या चित्रातली, काठाने रडत धावणारी ती माणसं आली. पाच वर्षं तुम्ही त्यांची नावं शोधत होता, काका. त्यातली एक, काकू, तुमच्याच घरात होती, आणि तुम्ही तिचे देव पाण्यात सोडायचा हुकूम माझ्या हाती ठेवून गेला होता. उंबरठ्याच्या आत तुम्हीही व्लादिमीरच की! हे मला समोरासमोर म्हणायचं होतं. तुमचा चेहरा बघायचा होता.

आजोबांनी मात्र माझ्यासारखं केलं नाही, हेही मला कळतं. त्यांनी गेलेल्या माणसाचं मन राखलं. मी मागे राहिलेल्याचं राखलं आणि तुमचं मोडलं. बापाला पाणी न दिल्याची जी शिक्षा तुम्ही स्वतःला ठोठावली होती, ती मी परस्पर माफ करून टाकली. मला तो अधिकार नव्हता. पण सुधारायची संधी मिळाली तरी मी तेच करीन.

म्हणून तळ्यावर उभी होते. पिंडदान करणार नाही, ही आमच्या प्रतिज्ञांमधली एक. मी पिंडाला हात लावला नाही. छत्री मात्र धरली, तुमचीच, पिंडावर, भिजू नये म्हणून. आता यात प्रतिज्ञा मोडली की नाही, हा बोरिसच्या यादीत शोभणारा प्रश्न आहे आणि मलाही पोप नाही.

चाळीस मिनिटांनी रिया कंटाळली. "इज धिस फॉर आबा? देन व्हाय आर वी वेटिंग फॉर अ क्रो? ही डिडन्ट इव्हन नो एनी क्रोज." गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून लावा. अमित म्हणाला, "गुरुजी, दर्भ इथे कुठे मिळणार? आय हॅव लॉन ग्रास." इतक्यात पाण्यातून थोरला बोयार वर आला. तोच, पंखाचं पीस बाहेर आलेला. मागे त्याची बायको आणि पाच पिवळी पिल्लं. डावीकडे बघितलं नाही, उजवीकडे बघितलं नाही. सरळ आला, माझ्या छत्रीखाली मान घातली आणि तुमचा पिंड खाल्ला.

अमित हाकलायला धावला. काकू म्हणाल्या, "राहू दे रे. त्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे तो."

फोनमधून गुरुजींनी विचारलं, "आला का?"

"आला," काकू म्हणाल्या.

मग सगळे गाडीकडे गेले. काकू तुमच्या बाकावर बसल्या, ओल्याच. मी छत्री मिटत होते. त्या तळ्याकडे बघत म्हणाल्या, "त्यांना नको होतं ना हे?"

मी छत्रीचं बटण लावत राहिले.

"तू नाही म्हणालीस तेव्हाच मला कळलं. खोटं बोललीस की तू माझ्याकडे बघत नाहीस."

"मग केलंत का, काकू?"

"मला एकदा विचारायचं होतं गं त्यांनी. मी हे केलं नाही तर तुला चालेल का, एवढंच. मी हो म्हणाले असते. त्यांच्यासाठी सगळं सोडून या देशात आले, एक दहावा सोडला नसता?" त्यांनी पदराने चष्मा पुसला. "पण विचारलंच नाही."

काका, तुम्हाला द्यायचं अर्धं उत्तर माझ्याकडे राहिलं होतं, ते हे. माझ्या पणजीला कोणी विचारलं नव्हतं. तुमचं बरोबर होतं. आणि काकूंनाही कोणी विचारलं नव्हतं.

आज शनिवार. सकाळी फोन वाजला आणि पडद्यावर तुमचं नाव आलं. खाली एकच शब्द, "तळं?" मी ते तीनदा वाचलं. मग कळलं, काकू तुमचा फोन वापरायला लागल्या आहेत.

मी लगेच उत्तर दिलं. "आले."